पोरगी पहिलीला आणि मी ‘लीडर माता’

आम्ही लातूर जिल्ह्यातले, त्यामुळं आमच्याकडं लेकरू पाळण्यात असतानाच कुणीतरी विचारून जातं, मग काय, नीट का जेईई? चौकाचौकात लागलेले क्लासेसचे बोर्ड, त्यावर मार्कासहित पोरांचे फोटो, हे बघत बघतच इथली माणसं मोठी होतात. तर आमची चिमी पहिलीला जाणार म्हणल्यावर घरात प्रत्येकाचं मत तयार होतं. आमचे हे म्हणले एबीसीडी झेडपर्यंत झालीच पाहिजे, दीर म्हणला अंक शंभरपर्यंत, आणि आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाईंनी तर माळ्यावरून जुनी पाटी काढून धुवून ठेवली, गिरवून घे म्हणल्या रोज. मी स्वतः बारावी झालेली, औशाजवळच्या गावात सून म्हणून आले, घरी शेती आणि माझी शिलाई मशीन. शिक्षणातलं मला काय विशेष कळतं असं नाही पण मागचं वर्ष या पहिलीच्या तयारीत असं काही गुंतले की आता दुसऱ्या आया विचारायला येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

झालं असं की एप्रिलमधे जिल्हा परिषद शाळेतून निरोप आला, शाळापूर्व तयारी मेळावा आहे, जूनमधे पहिलीला येणाऱ्या सगळ्या लेकरांना घेऊन या. हे ‘पहिले पाऊल’ नावाचं सरकारचं अभियान आहे, २०२२ पासून आपल्या राज्यात चालू आहे. कोरोनात अंगणवाड्या बंद होत्या ना, तेव्हाची लेकरं कशाचीच सवय नसताना डायरेक्ट पहिलीत येऊन बसणार होती, त्या वेळी हे सुरू झालं. एक मेळावा एप्रिलमधे, दुसरा जूनमधे शाळा उघडताना, आणि मधल्या उन्हाळ्यात लेकरांची तयारी आयांनीच घरी करून घ्यायची. त्यासाठी शेजारपाजारच्या पाच-सात आयांचा एक गट करतात आणि गटाला एक लीडर माता. आमच्या गल्लीच्या गटाला माझं नाव मॅडमनी परस्पर टाकलं. का तर म्हणे मी व्हॉट्सॲपवर लगेच रिप्लाय देते.

मेळाव्यात सात टेबलं मांडली होती. पहिल्यावर नाव लिहायचं, वजन-उंची घ्यायची. पुढं उड्या, दोरीवरून चालणं, चेंडू झेलणं, मणी ओवणं, कागदाची घडी. मग वस्तू वेगवेगळ्या करणं, लहान-मोठं लावणं. मग स्वतःबद्दल चार शब्द बोलणं, मग चित्र बघून सांगणं, मग मोजणं, आणि शेवटच्या टेबलावर आयांनाच बसवून समजावून सांगणं. प्रत्येक लेकराचं एक विकास पत्र असतं, त्यात मार्क नाहीत, एकट्यानं जमतं, मदत लागते, असंच भरायचं. बापांचे चेहरे बघण्यासारखे होते, मार्क नाहीत तर मग कळणार कसं कोण पुढंय म्हणून!

तिथं मला पहिल्यांदा कळायला लागलं की आपल्या डोक्यातली तयारी आणि शाळेला पाहिजे ती तयारी यात लै फरक आहे. एका पोराचे शंभरपर्यंत अंक तोंडपाठ, धाडधाड म्हणून दाखवले, टाळ्या पडल्या. मग मॅडमनी समोर चिंचोके ठेवले आणि म्हणल्या यातले सात दे मला. त्यानं मूठभर उचलले आणि दिले. परत म्हणल्या सात दे, परत मूठभर. त्याची आई ओशाळली, म्हणली घरी तर सगळं येतंय हो मॅडम. मॅडम म्हणल्या येतंय की, म्हणायला येतंय, आता मोजायला शिकवू. आमच्या चिमीला मणी ओवता आले कारण ती माझ्या मशीनपाशी बसून गुंड्या ओवत असते दिवसभर, पण कागदाची घडी घाल म्हणल्यावर तिनं कागद आणून माझ्या हातात दिला. म्हणजे काय, नीटनेटकं काही करायचं असलं की ते आईचं काम.

आणि एक तांड्यावरचं पोरगं होतं, आजीसोबत आलेलं. चित्राच्या टेबलावर बाजाराचं चित्र होतं, त्याला विचारलं काय दिसतंय सांग, पोरगं गप्प. नाव सांग, गप्प. बाजूला उभ्या बायका कुजबुजायल्या की याला काही कमी-जास्त आहे काय. तेवढ्यात आजीनं गोरमाटीत, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत, त्याला काहीतरी विचारलं, आणि मग जे पोरगं सुटलं ते थांबेच ना, चित्रातल्या बकरीपासून फुगेवाल्यापर्यंत हाताचे इशारे करून करून सगळं सांगितलं त्यानं, आजी हसायली, मॅडम पण हसायल्या. विकास पत्रावर मॅडमनी चित्रवर्णन एकट्यानं जमतं असंच लिहिलं. मला हे आवडलं. मॅडम स्वतः काही गोरमाटी बोलत नाहीत पण त्यांनी आजीला सांगितलं की जूनपर्यंत याला घरी भरपूर बोलू द्या, तुमच्याच भाषेत बोलू द्या, मराठी तो आमच्यात बसून शिकेल, आणि पहिल्या महिन्यात तुम्ही अधूनमधून वर्गात येऊन बसा. तो पोरगा आमच्याच गटात आला.

उन्हाळ्यातला गट म्हणजे एक गंमतच. एप्रिल-मे मधे आमच्याकडं ऊन चाळीसच्या वर, दुपारी चिटपाखरू दिसत नाही. मग आम्ही मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात बसायचो, फरशी गार असते आणि फॅन देवाच्या वर्गणीतला. मॅडम व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवायच्या, त्यात त्या आठवड्याला काय काय करायचं ते असायचं, आणि छापील आयडिया कार्ड पण दिलेली. पण मोबाइल सगळ्यांकडं होता असं नाही, असला तरी तो मालकासोबत शेतात. त्यामुळं एकीच्या फोनवर सगळ्या वाकून बघायच्या आणि मग निम्मा वेळ दुसऱ्याच गप्पा. चालायचंच.

पहिल्या बैठकीत सगळ्याजणींचं एकच, आमाला काय येतंय माय, आमी अडाणी, आमी काय शिकवावं. यात एक काकू म्हणजे एका पोराची आजीच होत्या, सून कामाला जाते म्हणून त्या यायच्या. त्या तर म्हणल्या मी अंगठेबहाद्दर, मला कशाला बोलावता. आणि गंमत अशी की सगळ्यात चांगलं काम त्यांचंच झालं. त्या नातवाला घेऊन डाळी निवडायला बसायच्या, मूग इकडं, हरभरा तिकडं, तूर तिकडं. खडा सापडला की बाजूला, आणि शेवटी खडे मोज. भाकऱ्या थापताना, घरात किती माणसं, किती भाकरी, बाबा दोन खातो मग किती झाल्या. आणि रात्री गोष्ट, तीच ती गोष्ट, पण मधेच मुद्दाम चुकवायच्या, कोल्ह्याच्या जागी लांडगा म्हणायच्या, पोरगं लगेच ओरडायचं चुकलीस चुकलीस. कार्डावर जे जे छापलं होतं, वर्गीकरण, क्रम लावणे, ऐकून आठवणे, ते सगळं या बाईच्या चुलीपाशी आधीच चालू होतं. त्यांच्याकडं पाटी नव्हती म्हणून पोरगं वाचलं असं मी गमतीनं म्हणते.

कारण पाटीचं सांगायचं तर ते मोठं भांडण झालं आमच्या घरी. आत्याबाईंचं म्हणणं लिहिल्याशिवाय काय तयारी. मॅडमनी शेवटच्या टेबलावर सांगितलं होतं की या वयात मनगटाची हाडं पण अजून पूर्ण तयार झालेली नसतात, बोटात जोर नसतो, त्यात तासभर गिरवायला बसवलं की लेकरू पेन्सिल मुठीत आवळून धरतं आणि तीच सवय लागते, शिवाय लिहायचा कंटाळा येतो तो वेगळाच. आधी बोटं तयार करा, मग अक्षरं आपोआप चांगली येतील. म्हणून कणीक मळायला द्या, रांगोळीची चिमूट सोडायला द्या, शेंगा फोडायला द्या, कपडे पिळायला द्या. आत्याबाईंना हे पटायला वेळ लागला, पण रांगोळी म्हणल्यावर त्यांचा हट्टच उतरला कारण रांगोळी त्यांचा प्रांत. मग रोज सकाळी दोघी अंगणात, आधी ठिपके, मग रेघा. चिमीच्या रेघा सुरुवातीला म्हणजे साप गेल्यासारख्या. जूनपर्यंत ठिपक्याला ठिपका बरोबर जोडायला लागली, आणि शाळेत ग काढायला तिला काहीच त्रास झाला नाही. पाटी आहे अजून, त्यावर आत्याबाई दुधाचा हिशेब लिहितात.

आता मी जरा त्या विषयावर येते ज्याच्याबद्दल कुणी बोलत नाही, संडास-बाथरूम. लेकरू शाळेत का रडतं याची निम्मी कारणं इथं असतात हे माझं ठाम मत झालंय. घरी लेकराला बाहेर अंगणात बसायची सवय, किंवा संडासात नेलं तरी दार उघडं आणि आई बाहेर उभी. शाळेत दार लावायचं, कडी वर असते, आत अंधार, बादलीतलं पाणी मगानं घ्यायचं, आणि मुख्य म्हणजे मॅडमना सगळ्यांसमोर सांगायचं की मला जायचंय. पाच-सहा वर्षाच्या लेकराला हे कितीतरी मोठं काम आहे. मग ते दाबून धरतं, दुपारी पोटात दुखतं म्हणतं, किंवा चड्डीत होतं आणि मग दुसऱ्या दिवशी शाळेचं नाव काढलं की भोकाड. घरचे म्हणतात अभ्यासाला घाबरायलंय. कुठला अभ्यास आलाय पहिल्या आठवड्यात!

आम्ही गटातल्यांनी मॅडमना विचारून मे महिन्यात शाळा उघडून घेतली, शाळेची किल्ली गावातल्याच एकाकडं असते. सगळ्या लेकरांना वर्ग दाखवला, पाण्याची टाकी दाखवली, आणि संडास. एकेकाला आत जाऊन, कडी न लावता नुसतं दार लोटून, पाणी टाकून बाहेर यायला लावलं. कडी लावायची नाही, बाहेर मैत्रीण उभी करायची, हे आधीच ठरवून दिलं, कारण कडी अडकली की लेकरू आयुष्यभर विसरत नाही. आणि घरी रोज म्हणायला लावायचं, मॅडम मला बाथरूमला जायचंय, मोठ्यानं. आम्ही आया मॅडम व्हायचो आणि लेकरं विचारायची. एका पोरीचा आवाजच फुटायचा नाही, तिला तिच्या आईनं बोट वर करायला शिकवलं आणि मॅडमना तसं सांगून ठेवलं.

त्यात माझ्या मशीनचा एक उपयोग झाला. गणवेश मोठ्या मापाचा येतो, स्कर्टला हुक, पोरांच्या चड्डीला हुक आणि चेन. लहान बोटांना तो हुक निघत नाही, आणि घाई झाल्यावर तर नाहीच नाही. मी गटातल्या सगळ्या लेकरांच्या कमरेला इलॅस्टिक घालून दिलं, चड्डीची चेन शिवून बंद. चपला पण बक्कलवाल्या घेऊ नका म्हणून सांगितलं, पायात सरकवायची घ्या. दप्तराची चेन, पाण्याच्या बाटलीचं झाकण, हे लेकराला एकट्याला उघडतं का ते दुकानातच बघा. एकदा बाटली उघडली नाही म्हणून पोरगं दिवसभर पाणी न पिता आलंय हे माझ्या डोळ्यासमोरचं. डब्याचं तेवढं टेन्शन नाही कारण शाळेत खिचडी असते, पहिली ते पाचवीला लेकरामागं १०० ग्रॅम तांदूळ धरलेला असतो, पण स्वतःच्या हातानं जेवायची सवय पाहिजे. आमच्याकडं लाडाची पोरं सहा वर्षाची झाली तरी आजी भरवते, टीव्ही लावून. खिचडीच्या ताटासमोर ते पोरगं आ करून बसतं.

मधल्या काळात इंग्लिश मीडियमचं प्रकरण झालं. आमच्या ह्यांच्या मित्राची पोरं पिवळ्या व्हॅननं तालुक्याला जातात, टाय घालून. तर हे एक दिवस चिमीला घेऊन तिकडच्या एका शाळेत गेले, नाव नाही घेत. तिथं तिचा इंटरव्ह्यू घेतला, रंग इंग्लिशमधे सांग, फळं इंग्लिशमधे सांग. लाजरी पोरगी, नवी जागा, काही बोलली नाही. ह्यांना सांगितलं पोरगी वीक आहे, परत सिनियर केजीत बसवावं लागेल, आणि फी सांगितली. घरी आले ते तोंड पाडून. मी हे मॅडमना सांगितल्यावर त्या चांगल्याच तापल्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम १३ आहे, ॲडमिशनच्या वेळी लेकराची नाही आणि आईबापाची पण नाही, कसलीच चाळणी परीक्षा घेता येत नाही. आणि इंग्लिशचंच म्हणाल तर आपल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी विषय आहे. हे आमच्या ह्यांना माहीतच नव्हतं, कारण त्यांच्या वेळी पाचवीला सुरू व्हायचं. मी इंग्लिश मीडियमच्या विरोधात आहे असं नाही, ज्याची त्याची ऐपत आणि इच्छा. पण ज्या घरात इंग्लिशचं एक वाक्य कुणी बोलत नाही तिथलं लेकरू पहिल्या वर्षी व्हॅनमधे झोपत जाणार आणि झोपत येणार, आणि मधे त्याला काय कळलं हे विचारायला आई पण असमर्थ, यात काय शहाणपण आहे मला कळत नाही. दोन दिवस घरात धुसफूस झाली आणि मग जिल्हा परिषदच ठरलं, शाळा घरापासून हाकेवर, आणि मॅडम माहितीतल्या.

कागदपत्रांचं सांगते कारण यात लोक फार अडकतात. वयाचं असं आहे की त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत ६ वर्षं पूर्ण होत असतील तर पहिलीत घेता येतं. म्हणून काही लेकरं जूनमधे साडेपाचचीच असतात आणि शेजारचं सव्वासहाचं, आणि दोघांची तुलना करून आया रडतात. या वयात सहा-आठ महिन्याचा फरक लै असतो. आमच्या गटातलं डिसेंबरातलं एक लेकरू एकदमच बारकं होतं, त्याच्या आईनं ते अजून एक वर्ष अंगणवाडीतच ठेवलं. बायकांनी नावं ठेवली, पण मला तरी तिनं केलं ते योग्य वाटलं.

जन्माच्या दाखल्याची वेगळीच कथा. आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. जन्माची नोंद जिथं बाळ जन्मलं तिथं होते, त्यामुळं सून राहते औशाकडं आणि दाखला नांदेडकडच्या कुठल्या तरी नगरपालिकेत. त्यात बारसं व्हायच्या आधीच नोंद झालेली, म्हणजे दाखल्यावर नावाच्या जागी नुसतीच मोकळी जागा. नाव नंतर टाकून मिळतं, पहिल्या वर्षात फुकट आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत लेट फी भरून, पण त्यासाठी माहेरी जावं लागतं आणि ते मे महिन्यात माहेरी गेल्यावरच करून टाका, जूनमधे कुणाला वेळ नसतो. आधारचं पण तसंच, लहानपणी काढलेलं निळं आधार असतं त्यात बोटांचे ठसे नसतात, ५ वर्षं झाली की ठसे आणि डोळे द्यावे लागतात, ५ ते ७ च्या मधे ते फुकट आहे. आणि आधारवरचं स्पेलिंग, दाखल्यावरचं नाव, हे एक करून घ्या. एका बाईचं आडनाव तीन कागदावर तीन प्रकारचं होतं, सेंटरवर तिला नुसतं उद्या या उद्या या. तरी पण दाखला नाही म्हणून शाळा लेकराला परत पाठवू शकत नाही, ते पण त्याच कायद्यात आहे, कलम १४. आशाताईंनी अजून एक आठवण करून दिली, डीपीटीचा, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताच्या लसीचा दुसरा बूस्टर ५ ते ६ वर्षात असतो, तो पण तेव्हाच उरकला.

शाळेच्या रजिस्टरवर नाव चढताना स्वतः समोर उभं राहून वाचून घ्या, हे मी सगळ्यांना सांगते. आमच्या मामंजींचा आणि त्यांच्या वर्गातल्या अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण तेव्हा गुरुजींना कुणी तारीख सांगितलीच नाही आणि गुरुजींनी सगळ्यांना सरसकट १ जून लिहून टाकली. हसण्यासारखं आहे, पण २०२३ मधे मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायचं चालू झालं तेव्हा हेच सगळे लोक आज्या-पणज्याचे शाळेचे उतारे काढायला पळत होते, कुणाचं नाव एक तर कुणाची जात दुसरीच, कुणाचं रजिस्टरच वाळवीनं खाल्लेलं. तेव्हापासून गावात पहिलीची नोंद करताना माणसं चष्मा घालून येतात.

जून आला आणि त्याच्यासोबत पेरणी आली. हे कुणी अभियान आखताना बघतं का माहीत नाही, पण आमच्याकडं शाळा १५-१६ जूनला उघडते आणि तेव्हाच मृगाचा पाऊस, सोयाबीनची पेरणी. लेकराला आईची सगळ्यात जास्त गरज असते त्या आठवड्यात आई रानात. दुसरा मेळावा झाला तेव्हा निम्म्या आया आल्याच नाहीत, आज्याच आल्या. ज्या पोराला चिंचोके मोजता येत नव्हते त्यानं सात मोजून दिले आणि वर विचारलं अजून देऊ का. चिमीनं कागदाची होडी केली, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. प्रवेशोत्सवाला ट्रॅक्टर सजवून मिरवणूक, फुगे, पुस्तकं, कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून कागदावर पावलाचा ठसा, सरपंच, फोटो. छान असतं, पण खरं सांगू, ढोल-हलगीच्या आवाजानं दोन लेकरं तिथंच घाबरून रडायला लागली. त्या दिवशी लेकरांना वर्गात गाणी म्हणू द्यावीत आणि भाषणं कमी करावीत एवढं वाटलं.

पेरणीमुळं आम्ही गटात पाळ्या लावल्या. एक आई किंवा आजी सकाळी गल्लीतल्या सगळ्या लेकरांना सोडून यायची, दुसरी घ्यायला जायची. त्याचा एक फायदा असा झाला की ज्यांची आई सोबत नव्हती ती लेकरं कमी रडली. आई दारात उभी असली की लेकरू पंधरा मिनिटं रडतं, आई गेली की दोन मिनिटात गप. फक्त न सांगता पळून जायचं नाही, हे मॅडमनी बजावलं होतं. मी येते, खिचडी खाऊन झाल्यावर गाणं होईल आणि मग मी येईन, असं सांगून जायचं. घड्याळ त्यांना कळत नाही, खिचडी कळते. आणि एक गोष्ट मी गल्लीत भांडून बंद करवली, थांब तुला गुरुजींकडं देते, मॅडम मारतील, हे धमकावणं. वर्षभर शाळेची भीती घालायची आणि जूनमधे म्हणायचं जा बाळा शाळेत, कसं जाईल ते? शाळेत मारायला तर कायद्यानंच बंदी आहे.

पहिल्या महिन्यात चिमी घरी आली की काहीच सांगायची नाही. काय शिकवलं, माहीत नाही. काय केलं, काही नाही. हे चिडायचे, फी घेत नाहीत म्हणून काय झालं, काहीतरी शिकवतील की. मग मला एका आईनं युक्ती सांगितली, शिकवलं काय हे विचारायचंच नाही, आज कोण रडलं विचार. तर काय, नावानिशी सगळी यादी! कोण रडलं, कुणाची बाटली सांडली, कुणी कुणाला ढकललं, मॅडमनी मग कोणतं गाणं घेतलं. त्यातूनच कळायचं शिकवलं काय ते.

तांड्यावरचा पोरगा पहिले काही दिवस आजीच्या पदराला धरून वर्गात बसला. आजी पण बसायच्या, मागं, भिंतीला टेकून. मग त्यांनीच वर्गाला एक गोरमाटी गाणं शिकवलं आणि सगळ्या पोरांना ते इतकं आवडलं की चिमी घरी तेच गुणगुणते, आत्याबाई विचारतात हे काय म्हणायलीस गं. पोळ्यापर्यंत तो चांगला बोलायला लागला, आता तर भांडणात पुढं असतो, शुद्ध मराठीत शिव्या देतो.

पण त्याचे आईबाप ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येते, ते कारखान्याकडं जातात, ते एकदम मार्च-एप्रिलला परत. दरवर्षी असं होतं की जूनमधे बसलेलं लेकरू दिवाळीला उठून जातं, सगळी तयारी फडात पाचटावर. म्हणून दसऱ्याच्या सुमारास मी, काकू आणि मॅडम तांड्यावर जाऊन आलो. हंगामी वसतिगृहाची सोय असते, म्हणजे लेकरू गावातच राहतं आणि त्याच्या जेवणाचं शाळा समिती बघते, आणि नाहीच राहिलं तर शिक्षण हमी कार्ड घेऊन जायचं म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत बसता येतं. त्याची आई म्हणली, बाई, माझं पण मन लागत नाही त्याच्याशिवाय, तिकडं बारकी पोरगी सांभाळायला पण कुणी नाही. सहा वर्षाच्या पोराकडून बारकीला सांभाळायचं, हा हिशेब तिनं काही आनंदानं केलेला नव्हता. बराच वेळ बसलो, चहा झाला. शेवटी आजीच म्हणल्या मी ऊस तोडायला आता जात नाही, माझी कंबर गेली, मी राहते इथं, पोरगं माझ्याकडं राहू दे, बारकीला तुम्ही घेऊन जा. बाप काही बोलला नाही, बाहेर जाऊन उभा राहिला.

पोरगा सध्या येतोय शाळेत. त्याच्या बापाचा फोन काकूंच्या सुनेच्या मोबाइलवर येतो, रविवारी संध्याकाळी, आणि त्यासाठी आजी त्याला घेऊन आमच्या गल्लीत येतात. मॅडमनी आता पुढच्या एप्रिलच्या मेळाव्यासाठी आजींचं नाव तांड्याच्या गटाला लीडर माता म्हणून टाकलंय, व्हॉट्सॲप नसताना.